सातव्या गाण्याला ठेवलेली नावं

माझ्या मित्राच्या बँडचा नवा अल्बम आला आहे. त्यात आठ गाणी आहेत. असायला हवी होती नऊ. नववं का नाही, याचं उत्तर माझ्याच अक्षरात चार पानांवर लिहिलेलं आहे. ती पानं मी अजून फाडलेली नाहीत. कार्यालयात काम करणारा माणूस कागद फाडत नाही, हे एक कारण. दुसरं कारण असं, की त्या चार पानांत एकही शब्द खोटा नाही, आणि तीच गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते.

मित्र तिगावचा, मी सौंसरचा, दोन्ही गावं मध्य प्रदेशातली, पण घरात बोलणं मराठी. मधलं अंतर काही फार नाही, पण ओळख झाली ती नागपूरच्या हॉस्टेलात, एका खोलीत खाटा लागल्या म्हणून. तीन वर्षं त्याची गिटार आणि माझी इतिहासाची पुस्तकं एकाच टेबलावर होती. आमच्या घरी गाणं म्हणजे भजनी मंडळ आणि लग्नातला बँडबाजा. त्यामुळे त्यानं पहिल्यांदा 'माझा बँड आहे' असं सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, "वरातीचा का?" तो अजूनही हे लोकांना सांगतो.

त्याचा बँड चार जणांचा. पाठीशी कुठली मोठी कंपनी नाही. गाणी तेच लिहितात, तेच वाजवतात, तेच रेकॉर्ड करून ऑनलाइन टाकतात. ऐकणारे थोडे, पण जे ऐकतात ते जीव लावून ऐकतात. त्यांचा पहिला ऐकणारा मी, कारण खोलीतून उठून जायला मला दुसरी जागा नव्हती.

हॉस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात, मेसच्या रांगेत उभे असताना, मी त्याला एक किस्सा सांगितला होता. बारावीला मला फर्स्ट डिव्हिजन मिळाली. आमच्या घरात माझ्या आधी कोणी आठवीच्या पुढे गेलं नव्हतं. नागपूरला निघालो तेव्हा माय बसस्टँडवर सोडायला आली. तिला वाचता येत नाही. गाडीच्या कपाळावर 'नागपूर' असं हातभर अक्षरात लिहिलेलं होतं. मी म्हणालो, "माय, मी वाचतो ना." तरी ती प्रत्येक गाडीपाशी जायची आणि कंडक्टरला विचारायची, "नागपूरची आहे का दादा?" छिंदवाड्याच्या गाडीला विचारलं. पांढुर्ण्याच्या गाडीला विचारलं. ज्या गाडीत मी शेवटी बसलो, तिच्या ड्रायव्हरलाही, मला जागेवर बसवून उतरता उतरता, तिनं विचारलं. लोक हसत होते. मला तेव्हा इतकी लाज वाटली, की मी खिडकीतून तिच्याकडे नीट पाहिलंही नाही.

हे मी त्याला गंमत म्हणून सांगितलं. तो हसला नाही. पुढे नोकऱ्या लागल्या, तो नागपुरातच राहिला, मी परत आलो, आणि गेल्या वर्षी त्यानं फोनवर सांगितलं की त्या किश्शाचं गाणं झालं आहे. नऊ गाण्यांतलं सातवं. त्यात ड्रम जवळजवळ नाहीच, गिटारही जराशीच, आणि पुन्हा पुन्हा येणारी ओळ एकच: 'नागपूरची आहे का दादा?'

मी फोन ठेवला आणि कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. मायचा शब्द एका गाण्यात जाणार होता. ज्या लोकांना सौंसर नकाशावर सापडणार नाही, ते लोक तो ऐकणार होते. मला एवढंच हवं होतं, की ते गाणं अल्बममध्ये राहावं.

अडचण अशी होती की बँडला आठच गाणी ठेवायची होती. नऊ गाण्यांचा अल्बम लांबतो, ऐकणारा मध्येच उठतो, असं त्यांच्या ड्रम वाजवणाऱ्या मुलीचं म्हणणं. ती पुण्याची, समजदार, आणि मला पहिल्या भेटीपासून अहोजाहो करणारी. तिनंच सुचवलं, की ही गाणी ज्या भागातली आहेत तिथल्या लोकांना आधी ऐकवा, त्यांची मतं घ्या आणि त्यावरून एक गाणं काढा. बँडमधल्या कोणी समोर बसायचं नाही, म्हणजे लोक मोकळेपणानं बोलतील. मित्र म्हणाला, "हे काम तूच कर. तुह्यासारखं टिपण कोणी लिहीत नाही."

हे त्यानं खरं सांगितलं. पांढुर्णा जिल्हा झाल्यावर तिथल्या एका कार्यालयात मला नोकरी लागली. बैठकांची टिपणं मी लिहितो. रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी साहेबांनी सांगितलं होतं, "जो बोला गया वो लिखो. जो तुमने समझा, वो मत लिखो." मी ते वाक्य पाळत आलो. माझ्या टिपणाबद्दल आजवर तक्रार आलेली नाही, आणि पहिल्या पिढीत शिकलेल्या माणसाला तक्रार न येणं हे फार मोठं वाटतं.

तर एका रविवारी दुपारी सौंसरला माझ्या जुन्या सरांच्या शिकवणीच्या खोलीत आम्ही जमलो. या सरांनीच माझा कॉलेजचा फॉर्म भरला होता. शिष्यवृत्तीच्या कागदांसाठी ते स्वतः माझ्याबरोबर नागपूरला आले होते आणि दिवसभर रांगेत उभे राहिले होते. त्यांच्यासमोर मी अजूनही खुर्चीत मागे रेलून बसत नाही. त्यांच्याखेरीज माय, बाबा, शेजारचे काका आणि गल्लीतले आणखी सात-आठ जण होते. काका आयुष्यभर नागपूरच्या गाडीवर कंडक्टर होते. आता घरी असतात, पण अजूनही सकाळी एकदा स्टँडवर जाऊन गाड्या वेळेवर सुटल्या की नाही ते पाहून येतात.

मी स्पीकर लावला, वही उघडली आणि साहेबांसमोर बोलतो तसा बोललो, की प्रत्येक गाण्यावर आपलं मत द्यावं, कोणीही संकोच करू नये.

पहिलं गाणं जोरदार होतं. संपल्यावर सर म्हणाले, "छान आहे." काका म्हणाले, "मस्त." मी लिहिलं: गाणं क्रमांक एक, सर्वांना आवडलं. दुसरं झालं. "चांगलं म्हटलं." तिसऱ्याला बाबा म्हणाले, "मेहनत घेतली पोट्ट्यांनी." चौथ्या गाण्यात कोणी तरी चहा आणला. पाचव्याला आणि सहाव्याला सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कप खाली ठेवले. एकाही गाण्यावर एकही आक्षेप नाही. मला मनातून बरं वाटत होतं. इतक्या वेगळ्या तऱ्हेचं संगीत आमच्या माणसांनी गोड मानून घेतलं.

मग सातवं लागलं. पहिल्यांदा 'नागपूरची आहे का दादा' आलं तसे काका ताठ बसले.

"थांब, थांब. बंद कर बे. हे कोणतं स्टँड आहे?"

"आपलंच आहे काका. सौंसरचं."

"मंग नागपूरची गाडी रसवंतीपाशी काहून उभी केली त्यानं? तिथं छिंदवाड्याची लागते. नागपूरची समोरच्या अंगाले लागते. मी तिथं जिंदगी काढली ना!"

"काका, गाणं आहे ते."

"गाणं आहे म्हणून गाडी कुठीही लावन का? पुन्हा लाव बरं."

मी पुन्हा लावलं. या वेळी बाबा बोलले. बाबा संत्र्याच्या बागा पाहायला व्यापाऱ्यांबरोबर जातात. झाडावरचं फळ नुसतं डोळ्यानं पाहून अंदाज सांगणं हे त्यांचं काम. गाण्यात एक ओळ होती, की स्टँडवर संत्र्याच्या पेट्या रचलेल्या होत्या आणि त्यांचा वास येत होता.

"हा पोट्टा कॉलेजले कधी गेल्ता? जुलैत ना?"

"हो."

"मंग जुलैत कोणत्या बागेची तोड चालू असते? जुलैत झाडाले फूल राहते, पेटी कुठून आली? तिगावचा असून एवढं समजत नाही त्याले?"

खोलीत हशा झाला. सर म्हणाले, "दुसऱ्या कडव्यातली चाल पहिल्यासारखीच आहे, तिथं काहीतरी बदल करायला हवा होता." कोणी म्हणालं, आवाज अजून मोकळा पाहिजे. कोणी म्हणालं, शेवटी हॉर्न पाहिजे होता. कोणी म्हणालं, एकच हॉर्न कसा, सुटताना दोनदा वाजवतात. मग हॉर्न एकदा की दोनदा यावर वाद लागला आणि तो मिटवायला काकांनी गाणं तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. मी भराभर लिहीत होतो. पान उलटलं.

माय तोवर पदर दातांत धरून ऐकत होती. तिसऱ्यांदा गाणं संपलं तेव्हा म्हणाली, "पिशवीत लाडू होते म्हणते तो. लाडू कुठं होते? मी तुले गाकर आन् चटणी देल्ती."

"बाई, गाण्यात लाडूच बरे दिसतात," सर म्हणाले.

"दिसन ना. पण मी देल्लेच नाही, तं काहून म्हणाव?"

मी तेही लिहिलं. आठव्या आणि नवव्या गाण्याला पुन्हा 'छान', 'मस्त', 'चांगलं आहे'. तोवर सगळ्यांची घरी जायची घाई सुरू झाली होती. जाताना काका दारात थांबून परत म्हणाले, "त्याले सांग, गाडी समोरच्या अंगाले लागते." मी म्हणालो, लिहिलं आहे काका.

सोमवारी पांढुर्ण्याला जाताना बसमध्येच मी स्वच्छ प्रत काढली. सातव्या गाण्यावर एकूण अकरा आक्षेप. 'सदर गाणं तीन वेळा लावावं लागलं' हेही लिहिलं, कारण तसं घडलं होतं. शेवटी निष्कर्षात लिहिलं: सर्वाधिक आक्षेप गाणं क्रमांक सात. टिपणाच्या तळाशी टिपणाऱ्याचं मत नसतं, म्हणून माझं मत लिहिलं नाही. पानांचे फोटो काढले आणि पाठवून दिले. मित्रानं दिलेल्या गाण्यांच्या फाइली, त्यानं सांगितलं होतं त्याप्रमाणे, मोबाईलमधून पुसून टाकल्या. पोचपावती म्हणून त्याचा मेसेज आला: 'लोकांचं ऐकलं. थँक्यू यार.' मी त्याचा अर्थ मला हवा तसा घेतला: चुका दुरुस्त करून गाणं राहणार.

अल्बम आला त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडायच्या आधी मोबाईल उघडला. आठ गाणी. सातव्या जागेवर आधीचं आठवं. मी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "क्या हुआ, घर में सब ठीक?" मी म्हणालो, सब ठीक. डबा तसाच पिशवीत परत ठेवला.

पुढचे काही दिवस मी लोकांची मतं वाचत बसलो. अल्बमच्या खाली अनोळखी माणसं लिहीत होती. एकानं लिहिलं होतं, 'एका दमात ऐकला, कुठेही अडखळलो नाही.' मला वाटलं, बाबा रे, अडखळायची जागाच तर आम्ही काढून दिली. दुसऱ्यानं मातीचा सुगंध येतो म्हटलं होतं. कोणत्या मातीचा, ते सांगितलं नव्हतं. कोणी चार तारे, कोणी पाच. सगळीकडे छान, मस्त, जबरदस्त. एकाच बाईंनी थोडं वेगळं लिहिलं होतं: 'गाणी गावाबद्दल आहेत, पण यात गावातलं एकही माणूस भेटत नाही.' त्यांच्या मताखाली बँडच्या चाहत्यांनी त्यांना धरून झोडलं होतं. मला त्या बाईंना ओरडून सांगावंसं वाटलं, की माणूस होतं हो, सातव्या गाण्यात उभं होतं, मीच हाताला धरून बाहेर काढलं.

रविवारी सौंसरला आलो तर काका ओट्यावरच बसलेले.

"आलं म्हणते ना ते पोट्ट्याचं. लाव बरं आपलं गाणं."

"ते नाही आहे त्यात."

"नाही म्हणजे?"

"काढलं त्यांनी."

"काढलं? कोणाले विचारून काढलं?"

"तुम्हालाच विचारून, काका. तुम्ही किती नावं ठेवली त्याला! मी सगळी लिहून पाठवली."

"आम्ही दुरुस्त करा म्हणलं! काढा म्हणलं का कोणी? सांग, एकानं तरी म्हणलं का?"

"नाही म्हणलं. पण चांगलं आहे असंही कोणी म्हणलं नाही."

"अबे, चांगलं नसतं तं तीन वेळा ऐकलं असतं का? बाकीची आठ कोणी दुसऱ्यांदा लावाले सांगितली का तुले?" काका उठून उभे राहिले. "शिकलेला पोट्टा म्हणून तुह्या हाती काम देलं, आन् तू हे करून राहिला!"

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. आत आल्यावर, पाय धुता धुता, सहज बोलल्यासारखे म्हणाले, "ज्याले बाग घ्याची नसते, तो काय म्हणते माहीत आहे ना? म्हणते, वा, छान बाग आहे तुमची. चहा पेते आन् चालला जाते. घेणारा कधी छान म्हणत नाही. तो म्हणते इकडचं झाड वाळून राहिलं, तिकडचं फळ लहान आहे, पाणी कमी पडलं. जेवढी जास्त नावं ठेवली तेवढा तो पक्का."

हे मला लहानपणापासून माहीत होतं. सुट्टीत मी त्यांच्यामागे बागांमधून फिरलो होतो. व्यापारी तोंड वाकडं करू लागला की मालक मुकाट्यानं खाट टाकायला सांगायचा, कारण सौदा होणार हे त्याला कळायचं. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"बाबा, मग तुम्ही त्या दिवशीच मला सांगितलं का नाही?"

"तू लिहून राहिला होता ना. मले वाटलं, तुले समजून राहिलं."

 मी चिडून तिथूनच मित्राला फोन लावला.

"तू काहून काढलं बे ते गाणं?"

"तुह्या कागदावरून."

"तू तिगावचा आहेस ना? पुण्याच्या पोरीला नाही समजलं तर ठीक. तुले समजाले नको?"

"समजलं होतं," तो म्हणाला. "पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोट धरून हसलो. काका, गाडी, रसवंती, सगळं. मंग शेवटचं पान आलं. निष्कर्ष. आन् तुह्यं मत कुठीच नव्हतं. ती मले म्हणे, तीन वेळा ऐकवूनही लोकांना पटलं नाही असं लिहिलंय. मी काय सांगू? ज्याच्या मायचं गाणं आहे त्यालेच काही म्हणायचं नव्हतं, तं मी कोणासाठी भांडू?"

मी म्हणालो, टिपणात आपलं मत लिहीत नाहीत.

"मी कार्यालय आहे का बे?"

 मग तो म्हणाला की अल्बम आता गेला, पण ते एक गाणं वेगळं काढता येईल. त्यासाठी बाकी तिघांना पटवावं लागेल. आणि त्यांना पटवायला लोकांची मतं लागतील, या वेळी लिहिलेली नाही, लोकांच्या आवाजात. त्यानं गाणं मला परत पाठवलं.

मी त्याच रविवारी पुन्हा घरोघर गेलो. काकांच्या तोंडासमोर मोबाईल धरला. "काका, गाणं आवडलं एवढंच म्हणा. बाकी काही नको."

"आवडलं कसं म्हणू? गाडी अजून तिथंच उभी आहे ना!"

"काका, ती पोरगी पुण्याची आहे. तिला आपलं समजत नाही. तिच्यासाठी एकदा म्हणा."

काकांनी घसा साफ केला, टोपी सारखी केली. "नमस्कार. गाणं ठीक आहे. पण नागपूरची गाडी समोरच्या अंगाले लागते. बस."

सरांकडे गेलो. सर माझे गुरू, मराठी शिकवलेले, त्यांना सरळ वाक्य जमेल अशी आशा होती. त्यांनी डोळे मिटून गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग दुसऱ्या कडव्याच्या चालीवर पाच मिनिटं बोलले. स्वतः गुणगुणून नवी चाल सुचवली. मी म्हणालो, "सर, पण एकंदरीत?" सर म्हणाले, "एकंदरीत काय, ते कडवं सुधारलं पाहिजे." ज्या माणसानं माझ्यासाठी दिवसभर रांग लावली, त्याच्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा चिडलो. दाखवलं नाही. पायऱ्या उतरताना चप्पल उलटी घातली ते घरी आल्यावर समजलं.

शेवटी माय. ती चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. घरात गॅस आहे, पण भाकरी तिला चुलीवरचीच लागते. मी तिला सगळं समजावून सांगितलं, की तू चांगलं म्हटलंस तर गाणं बाहेर येईल, नाही तर तसंच राहील. तिनं पिठाचे हात पदराला पुसले, मोबाईलकडे पाहिलं, आणि पाहुण्यांशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "छान आहे. खूप छान आहे गाणं."

मला हवं होतं तेच वाक्य. मला ते ऐकवेना. तिनं मला बरं वाटावं म्हणून ते म्हटलं होतं, आणि घरात कोणी परकं आलं की ती असंच बोलते. मी मोबाईल खाली ठेवला.

"झालं का?" ती म्हणाली.

"झालं."

तिनं भाकरी उलटली. "लाडूचं मात्र चुकलंच त्याचं. आन् मी एवढ्या हळू नव्हती विचारत. तो हळू म्हणते. एवढ्या हळू विचारलं तं कोणता कंडक्टर ऐकन? मी जोरात विचारत होती. लोक हासत होते, तरी जोरात. तुही गाडी चुकली असती म्हणजे?"

हे मी रेकॉर्ड केलं नाही. तेव्हा हात मोबाईलकडे गेलाच नाही.

काकांचं आणि सरांचं मी पाठवून दिलं. मायचं 'छान आहे' पुसून टाकलं. दोन दिवसांनी त्या पुण्याच्या मुलीचाच मेसेज आला, नेहमीसारखा अदबीचा. तिनं लिहिलं होतं: 'दोन्ही ऐकलं. माफ करा, पण मला अजून कळत नाहीये, यांना गाणं आवडलं आहे का? आणि तुमचं स्वतःचं मत काय?'

मला इतका राग आला की मी उत्तर दिलं नाही. राग तिच्यावर नव्हता. तिनं सरळ प्रश्न विचारला होता. राग यावर होता, की इतकी वर्षं शिकून, दोन भाषांत अर्ज, टिपणं, प्रस्ताव लिहून, आमच्या गल्लीत एखादी गोष्ट आवडली हे दुसऱ्या गावच्या माणसाला कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. बागेची गोष्ट लिहायला घेतली. चार ओळींनंतर ती शाळेतल्या निबंधासारखी वाटायला लागली. पुसली. 'हो, सर्वांना आवडलं' असं लिहिलं. ते बाकीच्या आठ गाण्यांबद्दल मी लिहिलंच होतं. तेही पुसलं.

आज सकाळी पांढुर्ण्याच्या गाडीची वाट पाहत सौंसरच्या स्टँडवर उभा होतो. रसवंतीपाशी छिंदवाड्याची गाडी लागली होती. नागपूरची समोरच्या अंगाला. काका म्हणतात ते बरोबर आहे. मी मोबाईल काढला आणि त्या मुलीला लिहिलं:

'माझं मत. गाण्यात माय तीन गाड्यांना विचारते. तिनं पाच गाड्यांना विचारलं होतं. एक तर वाळूचा ट्रक होता, त्यालाही विचारलं. माय हळू विचारते, ते चूक आहे, ती जोरात विचारत होती. गाण्यातला मुलगा खिडकीतून हात हलवतो. मी हलवला नव्हता. एवढं दुरुस्त करा.'

पाठवलं. तिनं ते वाचल्याचं दिसलं. उत्तर अजून आलेलं नाही. कदाचित ती मोजत असेल, हे बारा, तेरा, चौदा आक्षेप झाले.